जुन्या मोटारगाड्यांच्या डॅशबोर्डवरील मापके : मूळ रूप आणि नंतरची भर यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

जुन्या मोटारगाडीचे जतन करताना इंजिन, सांगाडा आणि रंग यांचा विचार प्राधान्याने होतो. चालकाच्या समोर असलेल्या मापकांकडे मात्र सजावटीचा एक भाग म्हणून पाहिले जाते. मूळ मापके असतील तर ती चकचकीत करावीत, नसतील तर नवी बसवावीत आणि कारखान्याने न बसविलेले एखादे मापक आढळले तर ते काढून टाकावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. या प्रघातामागे एक गृहीतक आहे. ते असे की, कारखान्यातून बाहेर पडलेल्या दिवशी गाडी जशी होती तेच तिचे खरे ऐतिहासिक रूप होय.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. डॅशबोर्डवर मापकांची भर घालणे ही आजच्या हौशी मंडळींची कल्पना नसून ती मोटारगाडीच्या आरंभापासून चालत आलेली रीत आहे. त्यामुळे भर घालावी की नाही, या प्रश्नापेक्षा कोणती भर इतिहासाचा पुरावा ठरते आणि कोणता बदल पुरावा नष्ट करतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

चिखलफळीपासून मापकफलकापर्यंत

'डॅशबोर्ड' हा शब्द मोटारगाडीच्या आधीचा आहे. घोडागाडीत घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल सारथ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी लावीत, तिला हे नाव होते. अमेरिकेत १९०१ पासून तयार झालेल्या ओल्ड्समोबिलच्या 'कर्व्ह्ड डॅश' या गाडीचे नावच तिच्या पुढच्या वळणदार फळीवरून पडले होते. या फळीवर मापके नव्हती. इंजिन कसे चालले आहे हे चालकाने कानाने ऐकावे, नाकाने हुंगावे आणि हाताने चाचपावे, अशी त्या काळाची अपेक्षा होती.

फळीवर मापक येण्यास दोन कारणे घडली. पहिले कारण कायद्याचे होते. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कार कायद्याने ताशी २० मैलांची वेगमर्यादा घातली आणि हा कायदा १ जानेवारी १९०४ पासून अमलात आला. मर्यादा पाळावयाची तर वेग कळला पाहिजे आणि पोलिसाच्या घड्याळाला उत्तर द्यावयाचे तर चालकाजवळही काही साधन पाहिजे, अशी परिस्थिती निर्माण झाली. लंडनमधील घड्याळांचा व्यवसाय करणारी एस. स्मिथ अँड सन्स ही पेढी याच सुमारास वेगमापकांकडे वळली आणि पुढे ब्रिटिश गाड्यांच्या मापकांवर 'स्मिथ्स' हे नाव सर्रास दिसू लागले. मापकाची गोल तबकडी, काटा आणि काचेभोवतीची धातूची कडी यांचे घड्याळाशी असलेले साम्य त्यामुळे आश्चर्यकारक वाटत नाही.

दुसरे कारण तांत्रिक ज्ञानाच्या उपलब्धतेचे होते. स्ट्रासबुर्ग येथील ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये ज्या वेगमापकाचे पेटंट घेतले, त्यात लवचिक केबलच्या साहाय्याने एक चुंबक फिरविला जाई. त्या चुंबकामुळे धातूच्या वाटीत भोवरी विद्युत्प्रवाह निर्माण होऊन वाटी ओढली जाई आणि बारीक स्प्रिंगचा विरोध सहन करीत काटा पुढे सरके. हेच तत्त्व विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुसंख्य गाड्यांत टिकून राहिले. तेलाचा दाब मोजण्यासाठी तर त्याहून जुने साधन हाताशी होते. फ्रान्समधील यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकवलेली पोकळ नळी दाब वाढला की सरळ होऊ पाहते. वाफेच्या यंत्रांवर रुळलेली ही नळी मोटारगाडीने तशीच उचलली. तात्पर्य, डॅशबोर्ड हा प्रारंभापासूनच घड्याळजी, वाफेची यंत्रे आणि विद्युत्शास्त्र यांच्याकडून उसनवारी करीत वाढलेला फलक आहे.

वाहनमालकांनी घातलेली भर

१९०८ ते १९२७ या काळात तयार झालेली फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही गाडी या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. स्वस्त किंमत हे तिचे बलस्थान असल्यामुळे मापकांचा खर्च टाळण्याकडे कल होता. बहुतेक वर्षे तिची इंधनटाकी आसनाखाली होती आणि टाकीत किती पेट्रोल शिल्लक आहे हे पाहण्यासाठी आसन उचलून, झाकण काढून, खुणा केलेली लाकडी पट्टी आत बुडवावी लागे. पाण्याचे तापमान दाखविणारे साधन तिच्यात नव्हते. रेडिएटरमधून वाफ निघू लागली की इंजिन तापले, असे समजावयाचे.

ही उणीव कारखान्याबाहेरच्या उत्पादकांनी भरून काढली. हॅरिसन बॉइस यांच्या नावाने ओळखले जाणारे 'मोटोमीटर' १९१० च्या दशकात बाजारात आले. रेडिएटरच्या झाकणावर उभी केलेली ही गोल तबकडी म्हणजे मुळात एक तापमापी होती. तिची नळी पाण्यात न बुडता पाण्यावरच्या वाफेचे तापमान मोजी आणि तिच्यातील रंगीत रेषा चालकाला आसनावरून दिसे. पुढे डॅशबोर्डवरच तापमापक देण्याची प्रथा रूढ झाली आणि १९२० च्या दशकानंतर मोटोमीटरची गरज संपत गेली. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल ए'मध्ये वेगमापक, इंधनदर्शक आणि अ‍ॅमीटर एकाच लहान फलकावर एकत्र दिसू लागले.

येथे घटनाक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी वाहनमालकाने स्वखर्चाने मापक बसविले आणि नंतर कारखान्याने त्याची गरज मान्य केली. आज एखाद्या मॉडेल टीच्या रेडिएटरवर मोटोमीटर दिसले, तर ते कारखान्याचे नाही म्हणून अनैतिहासिक ठरविणे हे त्या काळाच्या वास्तवाला सोडून होईल.

काटे, दिवे आणि चालकावरील विश्वास

मापकांच्या इतिहासाची वाटचाल सरळ रेषेत वाढत गेलेली नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने तेलाचा दाब आणि विद्युत्निर्मिती यांसाठी काट्यांऐवजी सूचक दिवे वापरण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत स्वस्त गाड्यांत सर्वत्र पसरली. चालकाला आकडे वाचता येत नाहीत, त्याला केवळ धोका कळला म्हणजे पुरे, असा या बदलाचा अर्थ होता. इंग्रजी बोलणाऱ्या चालकांनी अशा दिव्यांना 'मूर्खांचे दिवे' अशा अर्थाचे नाव दिले, यावरून त्यांची नाराजी स्पष्ट होते.

ही नाराजी निराधार नव्हती. तेलाचा सूचक दिवा साधारणतः दाब दर चौरस इंचाला ५ ते ७ पौंडांपर्यंत उतरला की लागतो. त्या काळच्या अनेक इंजिनांत धावत्या अवस्थेत हा दाब ५० ते ६० पौंडांच्या आसपास असे. म्हणजे दाब निम्म्यावर आला तरी दिवा मौन पाळतो आणि तो लागतो तेव्हा बेअरिंगची हानी बहुधा सुरू झालेली असते. काटा मात्र आठवड्यागणिक होणारी घसरण दाखवितो. दिवा घटना सांगतो, तर काटा प्रवृत्ती सांगतो, असा हा मूलभूत फरक आहे.

ऑगस्ट १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या 'मिनी' या गाडीत डॅशबोर्डच्या मधोमध एकच मोठी तबकडी होती. तिच्यातच वेग, इंधन आणि सूचक दिवे सामावलेले होते. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकच तेल पुरविले जाते, त्यामुळे तेलाच्या स्थितीची माहिती विशेष मोलाची होती. १९६१ मध्ये आलेल्या 'मिनी कूपर'मध्ये मधल्या तबकडीच्या एका बाजूस तेलाचा दाब आणि दुसऱ्या बाजूस पाण्याचे तापमान दाखविणारी मापके आली. साध्या मिनीच्या अनेक मालकांनी तशीच मापके बाजारातून आणून बसविली, हे स्वाभाविकच होते.

जर्मनीतील फोक्सवॅगन 'बीटल'चे उदाहरण याहून बोलके आहे. १९६१ च्या मध्यापर्यंत तिच्यात इंधनदर्शकच नव्हता. पेट्रोल संपत आले की इंजिन अडखळू लागे. मग चालकाने पायाने एक तोटी फिरवावयाची, म्हणजे सुमारे पाच लिटर राखीव पेट्रोल उपलब्ध होई. पेट्रोल भरल्यावर तोटी पूर्ववत करण्याचे विसरले, तर पुढच्या वेळी राखीव साठाही निमूटपणे संपून जाई. साहजिकच, टाकीतील तरंगाला केबलने जोडलेले स्वतंत्र इंधनदर्शक बाजारात विकले जाऊ लागले आणि मालक ते हौसेने बसवीत. कारखान्याने अखेर जो इंधनदर्शक दिला, तोही केबलवर चालणाराच होता. मॉडेल टीच्या काळातील घटनाक्रमाचीच ही पुनरावृत्ती होय.

जोडणीतील तांत्रिक मर्यादा

आज जुन्या गाडीत मापकाची भर घालताना काही तांत्रिक बाबींकडे दुर्लक्ष झाल्यास गाडीचीच हानी होते. म्हणून त्यांचा थोडक्यात परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिली बाब अ‍ॅमीटरची. बॅटरीत येणारा आणि तिच्यातून जाणारा जवळजवळ सर्व प्रवाह या मापकातून वाहतो. १९५० च्या दशकातील लहान ब्रिटिश गाड्यांचे डायनॅमो साधारणतः २० ते २२ अँपिअर प्रवाह देत आणि मापकही त्या बेताचे असे. अशा गाडीत दुप्पट क्षमतेचा अल्टरनेटर बसवून जुनेच अ‍ॅमीटर आणि जुन्याच तारा ठेवल्या, तर त्या तापून डॅशबोर्डमागे आग लागण्याचा संभव असतो. अशा वेळी जुने मापक जागेवर ठेवून त्याच्या जोडण्या वेगळ्या करणे आणि स्वतंत्र व्होल्टमीटर बसविणे हा सुरक्षित मार्ग आहे. व्होल्टमीटरमधून अत्यल्प प्रवाह जात असल्यामुळे त्याच्या तारांवर तसा ताण पडत नाही.

दुसरी बाब मापक आणि संवेदक यांच्या जुळणीची. इंधनाच्या टाकीतील तरंग विद्युत्रोध कमी-अधिक करतो आणि काटा त्याप्रमाणे हलतो. परंतु हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. अमेरिकेतील एका प्रचलित पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम रोध असतो, तर जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत तो अनुक्रमे ० आणि ९० ओहम असतो. एकीचे मापक दुसरीच्या संवेदकाला जोडले, तर टाकी रिकामी असताना काटा भरलेली दाखवील. दिसायला सुंदर, पण खोटे बोलणारे मापक हे मापक नसण्यापेक्षा अधिक घातक होय.

तिसरी बाब विद्युत्रचनेची. १९६० च्या दशकात स्मिथ्सच्या इंधन व तापमान मापकांत तापणाऱ्या द्विधातूच्या पट्टीचा वापर होऊ लागला आणि त्यांना सरासरी १० व्होल्ट पुरविणारा एक लहान स्थिरकारक जोडलेला असे. तो बिघडला की दोन्ही काटे एकाच वेळी चुकतात. मापकांना दोष देऊन ती बदलून टाकणारे अनेक जण प्रत्यक्षात निर्दोष वस्तू भंगारात काढतात. तसेच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. ही रचना उलटी केल्यास विद्युत टॅकोमीटरच्या अंतर्गत जोडणीतही बदल करावा लागतो.

चौथी बाब तेलाच्या नळीची. यांत्रिक दाबमापकाला इंजिनातील गरम तेल नळीने थेट चालकाच्या कक्षात आणावे लागते. नळी कंपनाने तुटल्यास ते तेल चालकाच्या पायांवर येते. इंजिनावर तीन तोंडांचा जोड बसवून मूळचा सूचक दिवाही चालू ठेवला, तर नवे मापक बिघडले तरी जुना पहारेकरी जागा राहतो.

भारतीय संदर्भ

भारतात वजने व मापे यांच्या मानकांचा अधिनियम १९५६ मध्ये संमत झाला आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी मेट्रिक पद्धत देशभर रूढ झाली. तत्पूर्वी आलेल्या ब्रिटिश आणि अमेरिकी गाड्यांची वेगमापके मैलांत होती. रस्त्याकडेच्या दगडांवर किलोमीटर आले, पण 'मैलाचा दगड' हा शब्दप्रयोग भाषेत राहिला, तसाच मैलांचा काटाही अनेक डॅशबोर्डांवर राहिला. अशा गाडीत काटा ५० वर असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असते. म्हणून तबकडीवर नवे आकडे रंगविण्याचा सोपा उपाय सुचतो. मात्र रंग बदलल्याने केवळ वेगाचे वाचन सुधारते. आतील दंतचक्रे तीच राहत असल्यामुळे अंतराचे आकडे मैलांतच पुढे सरकत राहतात आणि एकाच तबकडीवर दोन मापनपद्धती नांदू लागतात.

मुंबईच्या टॅक्सीचे उदाहरण या विषयात सर्वाधिक उद्बोधक आहे. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली आणि १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालेली गाडी अनेक दशके मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिचा हा प्रवास संपुष्टात आला. या टॅक्सीच्या डाव्या अंगाला बाहेर बसविलेले यांत्रिक भाडेमीटर कारखान्याचे नव्हते. ते नंतर जोडलेले मापक होते. भाड्याचे दर वाढत गेले तरी मीटरचे आकडे लगेच बदलत नसत, म्हणून चालकाजवळच्या दरपत्रकावरून मीटरच्या आकड्याचे प्रत्यक्ष भाडे काढले जाई. मापक जुनेच राहिले, त्याचा अर्थ मात्र कागदाने अद्ययावत केला. पुढे २०१० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि तो झेंडीचा मीटर दिसेनासा झाला.

उद्या एखाद्या संग्रहालयाने पद्मिनी टॅक्सी जतन करावयाची ठरविली आणि कारखान्याच्या मूळ रूपाचा आग्रह धरून हा मीटर काढून टाकला, तर उरेल ती केवळ एक मोटारगाडी. लक्षावधी प्रवाशांनी ज्या आकड्याकडे धास्तीने पाहिले, तो आकडा आणि त्याबरोबर शहराच्या अर्थव्यवहाराचा एक पुरावा नाहीसा होईल.

स्मरण ठेवणारे एकमेव मापक

डॅशबोर्डवरील बहुतेक मापके केवळ वर्तमान क्षण दाखवितात. इंजिन थांबले की तेलाचा दाब शून्यावर येतो आणि पाणी थंड झाले की तापमानाचा काटा खाली येतो. अंतर मोजणारे ओडोमीटर हे एकटेच मापक भूतकाळ साठवून ठेवते. ते बहुधा वेगमापकाच्याच घरात बसविलेले असते. त्यामुळे वेगमापक बदलण्याच्या ओघात गाडीची ही स्मृतीही टाकून दिली जाते. अमेरिकेत १९७२ च्या संघराज्यीय कायद्याने ओडोमीटरमध्ये फेरफार करण्यास मनाई केली. त्यामागे ग्राहकाच्या फसवणुकीला आळा घालण्याचा हेतू होता. इतिहासाच्या अभ्यासकालाही याच फसवणुकीपासून संरक्षण हवे असते. ज्या गाडीचे वेगमापक बदलले आहे, त्या गाडीच्या बाबतीत काढलेल्या मापकावरील आकडा, नव्या मापकाचा आरंभीचा आकडा आणि बदलाची तारीख यांची नोंद ठेवणे म्हणूनच अनिवार्य मानावे लागेल.

मूळपणाची कसोटी

वास्तूंच्या जतनासंबंधी १९६४ च्या व्हेनिस सनदेने जी तत्त्वे मांडली, त्यांत नंतरच्या काळातील भरीचा आदर करणे आणि नव्याने घातलेला भाग ओळखू येईल असा ठेवणे यांचा समावेश आहे. जुन्या वाहनांच्या क्षेत्रात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्यूरिन सनदेद्वारे हाच विचार वाहनांना लागू केला. वापरासाठी बदल करणे भागच असेल, तर तो कमीत कमी असावा, पुन्हा पूर्ववत करता यावा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. वाहन वापरात असतानाच्या काळातील बदल आणि कालांतराने केलेले बदल यांतही जतनाच्या क्षेत्रात फरक केला जातो.

भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा होऊन पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. वाहन मूळ रूपात असावे आणि त्याच्या चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी तिची अट आहे. या तीन घटकांत मापकांचा स्वतंत्र निर्देश नाही. म्हणजे डॅशबोर्डच्या बाबतीत निर्णयाची जबाबदारी बव्हंशी मालकावर आणि मिस्त्रीवर येऊन पडते. जेथे कायदा बारकाव्यात शिरत नाही, तेथे अभ्यासकांनी सांगितलेल्या विवेकाची गरज अधिक असते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, डॅशबोर्ड हा कधीच पूर्ण झालेला फलक नव्हता. मॉडेल टीचे मोटोमीटर, बीटलचा केबलवरील इंधनदर्शक, मिनीचे दाबमापक आणि पद्मिनी टॅक्सीचा भाडेमीटर ही सर्व कारखान्याच्या मौनाला वापरकर्त्यांनी दिलेली उत्तरे होत. त्या उत्तरांना दूषण मानून पुसून टाकणे म्हणजे वाहनाचा इतिहास उत्पादकापुरता मर्यादित करणे आणि ज्यांनी ते वाहन चालविले त्यांना त्यातून वगळणे होय.

याचा अर्थ कोणताही बदल समर्थनीय ठरतो, असा मात्र नाही. भर घालणे आणि मूळ वस्तू नष्ट करून तिच्या जागी दुसरी बसविणे, या दोन भिन्न कृती आहेत. डॅशबोर्डच्या मूळ पत्र्याला भोक न पाडता खालच्या बाजूस वेगळ्या पट्टीवर बसविलेले तेलाचे मापक उद्या काढता येते, परंतु कापलेला पत्रा आणि फेकून दिलेले ओडोमीटर परत आणता येत नाही. म्हणून नवे मापक बसविताना तारखेची नोंद करावी, काढलेले मापक त्याच्या आकड्यासह गाडीबरोबर जपावे आणि जुन्या भरीला हात लावण्यापूर्वी ती कोणी व का घातली असेल याचा विचार करावा. भावी अभ्यासकाला त्या गाडीच्या डॅशबोर्डवरून कारखाना, मालक आणि मिस्त्री या तिघांचेही हात वेगवेगळे ओळखता यावेत, एवढी दक्षता घेतली तरी ती पुरेशी ठरेल.